माझ्या डोंगरावर डॅनिश परीक्षक

ती. बोर्गहिल्डताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? बर्गनला पाऊस पडतोय का, हे विचारत नाही. उगाच शाई कशाला घालवू? मांजरीचा कान बरा झाला असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. ‘उत्तम’च्या खाली मी रेघ मारली आहे ती मुद्दाम, कारण माझ्या प्रकृतीबद्दल सध्या मला सोडून सगळ्या जगाला विचारलं जातं.

तुरिदनं तुला फोनवर सांगितलं असेलच. (तूच तिला फूस लावली असशील असाही मला दाट संशय आहे, पण तो विषय नंतर.) माझी बायको सिग्ने गेल्यापासून पहिलं बर्फ पडलं की मी एकटाच आपल्या डोंगरातल्या घरी जातो, एक रात्र राहतो, छप्पर-चूल बघतो आणि परत येतो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. यंदा मी स्की खाली काढायला शिडीवर चढलो, तर तुरिद, माझी स्वतःची मुलगी, शिडीखाली कमरेवर हात ठेवून उभी! म्हणाली, “बाबा, या वर्षी एकट्यानं नाही. येप्पेला घेऊन जा. परत आल्यावर तो सांगेल सगळं कसं झालं ते. मग ठरवू, यापुढं तुम्ही एकटे जायचं की नाही.”

ऐकलंस? येप्पे सांगणार! म्हणजे मी त्याची परीक्षा घ्यायची नाही, त्यानं माझी घ्यायची! मी या डोंगरात चालायच्या आधी स्की करायला लागलो हे तूच सगळ्यांना सांगत असतेस. आणि आता मी पुन्हा तिकडे एकटा पाऊल ठेवायचं की नाही, हे डेन्मार्कातल्या लोलंड बेटावरचा माणूस ठरवणार, जिथं उंच म्हणून दाखवायला फक्त चर्चचा मनोरा आहे. त्यांच्या देशात एका टेकाडाला ‘आकाशाचा डोंगर’ म्हणतात. आपल्याकडं त्याहून उंच गाई चरायला जातात, आणि त्याचा गवगवा करत नाहीत. शिवाय हा होणारा जावई करतो काय, तर खुर्च्यांचे नकाशे काढतो. म्हणजे बसण्यातला तज्ज्ञ! बोलतो तेही तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. अर्धं मला कळत नाही, आणि उरलेलं कळलं की राग येतो.

निघायच्या दिवशी साहेब भाड्याच्या स्की घेऊन हजर, आणि मागं दोरीनं बांधलेली घसरगाडी! तीच गं, ज्यात आपण तान्ह्या पोरांना गुंडाळून बर्फावरून ओढत नेतो. म्हटलं, “यात कोण बसणार?” तर म्हणाला, “सामान आहे, ओड्वार. पाठीवर घेऊन माझा तोल जातो.” सामान म्हणजे काय, तर काळ्या पावाच्या लाद्या, बरणीतले हेरिंग मासे, लोकरीचं पांघरूण आणि मेणबत्त्या. एका रात्रीला इतक्या मेणबत्त्या, की मला वाटलं कुणी मेलंय का काय! मी माझ्या पिशवीत संत्री, चॉकलेट आणि तपकिरी चीज घेतलं होतं. माणसानं डोंगरात आणखी काय न्यावं?

आता मेणाचं ऐक. तुला ठाऊकच आहे, स्कीच्या तळाला कुठल्या रंगाचं मेण लावायचं हे आपल्या घरात बाबांनंतर माझ्याइतकं कुणाला कळत नाही. निघताना जंगलात थंडी होती, मी निळं लावलं. बरोबर लावलं. वर आलो तर थंडी सैल पडली, आणि मी चढाला एक पाऊल पुढं की दोन मागं. थांबलो, खरवडलं, जांभळं लावलं. तेही बरोबरच होतं, फक्त तेवढ्यात ढग आला. मग लाल लावलं, तर प्रत्येक पायाखाली बर्फाचा हा एवढा गोळा! उंच टाचांचे बूट घालून लग्नाला निघाल्यासारखा मी चाललो होतो. शेवटी नळीतलं चिकट मेण काढलं. ते स्कीला लागलं, हातमोज्यांना लागलं, टोपीला लागलं आणि (कसं ते विचारू नकोस) चीजलाही लागलं. हवाच बिनडोक होती, त्याला मी काय करू? आणि हा गृहस्थ प्रत्येक वेळी थांबून, माझं पूर्ण होईपर्यंत, शांतपणे संत्रं सोलत बसायचा. माझंच संत्रं! त्याच्या भाड्याच्या स्कीला तळाशी आयतीच लोकर चिकटवलेली होती. मेण नाही, विचार नाही, पिढ्यांची अक्कल नाही; नुसता चालतोय आपला टकाटक. म्हणाला, “दर वेळी इतकं सगळं करावं लागतं का हो?” कुचेष्टेनं विचारलं असतं तर मी सहन केलं असतं. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं!

वर पोचता पोचता धुकं उतरलं. मी त्याला जरा लांबच्या वाटेनं नेलं, मुद्दामच, त्याला प्रदेश दिसावा म्हणून. (धुक्यात काय दिसणार, असं तू म्हणशील. म्हण.) घर गाठलं, चूल पेटवली. त्यानं सगळ्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या, पांघरूण माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि काळ्या पावावर हेरिंग ठेवून मला खाऊ घातलं. आजारी माणसाला भरवतात तसं! मी दोनदा मागून घेतलं ते केवळ रीत म्हणून. मग यानं सिग्नेबद्दल विचारलं. ती कशी हसायची, तिला वारा आवडायचा का, चुलीपाशी कुठं बसायची. आता सांग, हे परीक्षकाचं काम आहे का? मी बराच वेळ बोलत बसलो आणि मला नंतर स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी उतारावर मात्र म्हटलं, दाखवू या याला. नवं बर्फ, उतार मोकळा, मी सुटलो. सुरुवातीचं बर्फ किती पातळ असतं हे काय मला माहीत नाही? पूर्ण माहीत आहे. दगडाला माहीत नव्हतं. मध्येच डोकं वर काढून बसला होता, आणि माझ्या डाव्या स्कीचे कडाड्कन दोन तुकडे! मी तोंडावर. उठून एका स्कीवर निघालो तर बर्फानं भरलेल्या खळग्यात मांडीपर्यंत आत. येप्पे आला, दाढीतलं बर्फ झटकलं माझ्या (विचारलं नाही, काही नाही, सरळ झटकलं) आणि म्हणाला, “बसा.” मी म्हटलं, मरेन पण बसणार नाही. म्हणाला, “मराल तर मला एकट्याला परत वाट सापडणार नाही. बसा हो, ओड्वार.” आणि ताई, मी बसलो. हेरिंगच्या रिकाम्या बरण्यांमध्ये गुडघे हनुवटीला लावून, त्या पोरांच्या गाडीत!

खाली गाड्या लावायच्या जागी अख्खं गाव जमलेलं. पहिलं बर्फ ना, घरात कोण बसतंय! पोस्टातली गुन्व्होर होती, धर्मगुरू होते, माझे जुने विद्यार्थी त्यांच्या पोरांना घेऊन आले होते, आणि ती पोरं आपापल्या घसरगाडीतून माझ्याकडं बरोबरीच्या नात्यानं बघत होती. तुरिदही न्यायला आलेली. तिनं मला बघितलं, तोंडावर हात ठेवला आणि येप्पेला विचारलं, “बोल. कसं झालं?”

माझा जीव टांगणीला लागला होता, खोटं कशाला बोलू? त्याच्या तोंडून आता दोन शब्द निघाले की माझ्या स्की कायमच्या कुलपात. आणि तो काय म्हणाला असेल? “स्की मोडली ती दगडानं. बाकी बाबांनी मला फार सांभाळून नेलं. ते एकटे गेले तरी काळजी नाही.” तुरिदनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “ठीक आहे बाबा. तुम्ही जिंकलात.” हा माणूस माझ्या मुलीशी धडधडीत खोटं बोलला, तेही लग्नाआधीच! आणि मला गाडीत बसल्या बसल्या मान डोलवावी लागली. ही कसली माणसं गं? यांच्या शब्दावर भरवसा ठेवायचा तरी कसा? असो. रागानं हात दुखायला लागला. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा भाऊ,
ओड्वार

ता. क. गुन्व्होर तुला सांगेल की मी गाडीतून लोकांना हात हलवत आलो. साफ खोटं. मी त्यांना बाजूला व्हायला सांगत होतो.

ता. क. दुसरा. वर लांबच्या वाटेचं लिहिलंय, ते खोडून वाच. लांबची वाट वगैरे काही नव्हती. मला आपलं घर सापडत नव्हतं. धुकं होतं हे खरं, पण धुकं मी काय आयुष्यात पहिल्यांदा बघितलं? समोर एक भिंत आली आणि मी येप्पेला म्हणालो, “हे कुणाचं घर?” त्यानं घसरगाडीची दोरी खाली टाकली. मग म्हणाला, “मी फार दमलोय. इथंच थांबू या. तुमच्याकडची किल्ली बघा बरं लागते का.” किल्ली लागली. दार उघडलं, चूल दिसली, तेव्हा मला कळलं, हे आपलंच घर. तो मेणबत्त्या लावायला लागला. निजताना एवढंच म्हणाला, “तुरिदला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.” ताई, मी एकटा असतो तर त्या दारावरून पुढं निघून गेलो असतो. मला फार भीती वाटली.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र खरं यासाठीच. आता मला एकट्यानं जायची परवानगी आहे, आणि ती नको हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. या रविवारी तुरिदचा फोन आला की तिला ठणकावून सांग, ओड्वारला एकटं सोडायचं नाही, त्या डॅनिशाला बरोबर पाठव. माझं नाव काढू नकोस. तुझ्याच डोक्यातून आलंय असंच सांग. म्हणजे मला तुझ्यावर भडकता येईल, आणि भडकत भडकत का होईना, त्याच्याबरोबर जाता येईल.