शून्य ते एकशेवीस

४ मार्च
दादाचा शिलाईच्या दुकानातून फोन. "दिवसभर लोकांचे आलेख काढतेस, माझ्या मूत्रपिंडांचा काढ की. डॉक्टर आकडे सांगतात, डोक्यात काही शिरत नाही." वहिनीने दीड वर्षातले सहा रिपोर्ट पाठवले.

५ मार्च
जेवणाच्या सुट्टीत, मूत्रपिंडं किती काम करतात त्याचे आकडे भरले. ३८, ३४, ३१, २७, २३, २०. सॉफ्टवेअरने उभा अक्ष आपोआप वीस ते चाळीस धरला. रेघ वरच्या कोपऱ्यातून थेट तळाला! पंधराच्या खाली डायलिसिस, म्हणून अक्ष दहापर्यंत ताणून पंधरावर लाल संदर्भरेषा टाकली. रेघेचं टोक आणि लाल रेषा यांत बोटभर अंतर उरलं.

हे दादाला कसं दाखवू?

अक्ष शून्य ते एकशेवीस केला. निरोगी माणसाचा आकडा शंभराच्या आसपास असतो, म्हणजे खोटं काहीच नाही — असं स्वतःला सांगितलं. रेघ जवळजवळ आडवी झाली. लाल रेषा काढून टाकली. छापून घेतला.

६ मार्च
दादाने इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरला, रेघेवरून बोट फिरवलं. "सपाट आहे की गं. उगाच घाबरवतात." मी कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.

२ मे
वहिनी बोलता बोलता म्हणाली — हाताच्या शिरेचं ऑपरेशन मार्चमध्येच करा, असं डॉक्टर सांगत होते. शीर तयार व्हायला दोन महिने लागतात, मग डायलिसिसची सुई तिथेच लावता येते. दादाने पुढे ढकललं. "बहिणीने दाखवलंय, घाई नाही. आधी शाळेचे गणवेश शिवून होऊ देत."

घरी येऊन ती फाइल पुन्हा उघडली.

३ मे
नवा आलेख घेऊन दुकानात गेले. दहा ते चाळीस, पंधरावर लाल रेषा. सगळं सांगितलं. तो बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत राहिला.

"गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून मी कमरेचं माप दोन इंच कमी लिहिलं, तर कपडा चढेल का अंगात?"

"पाहवलं नाही रे, दादा."

"पाहायचं मला होतं ना."

मग उठून त्यानेच मला पाणी दिलं. "तुझ्या वहिनीला यातलं बोलू नकोस. तुझ्यावर राग धरून बसेल. मी ऑपरेशनची तारीख घेतो."

५ मे
तारीख मिळाली. वीस मे.

१४ मे
पहाटे दादाला धाप लागली. अतिदक्षता विभागात नेलं. आकडा नऊ. शीर तयार नाही, म्हणून मानेत नळी घालून डायलिसिस. काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला त्याने.

१९ मे
ताप. नळीवाटे जंतू रक्तात गेलेत म्हणे.

२० मे
ताप उतरत नाही.

२५ मे
दादा परवा गेला. आज वहिनी माझा हात धरून म्हणाली, "दोन महिने तरी निर्धास्त जगले ते. तुझ्यामुळे." मी तिला सगळं सांगितलं. तिने हात सोडला.