खिडकीच्या मापात सोडलेली चार इंच दुमड

आदरणीय दादांना,

कंबर धरल्यामुळे वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार उभ्यानेच करतो. तो साष्टांग समजून घ्यावा. तुमची साखर आटोक्यात आहे ना? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे मी इथे ठीक आहे आणि तुमची बहीण तुमच्याकडे ठीक आहे, असं ऐकतो. (तुमच्याकडचा फोन हल्ली तीच उचलते, म्हणून हे पत्र शेजारच्या वायरमनच्या हाती पाठवतो आहे.)

समोरच्या नव्या इमारतीला काचेची भिंत बसल्यापासून सकाळचं ऊन त्या काचेवरून उडी मारून थेट आमच्या पलंगावर येतं, हे तुम्ही जाणताच. रात्रभर वॉर्डात उभी राहून आलेल्या नर्सबाईने झोपायचं कसं? एकदा तर थांब्यावरच डोळा लागून तिने तीन बस सोडल्या. मग तिला तुमची फोटो धुण्याची जुनी अंधारी खोली आठवली. आज एकवीस दिवस झाले, ड्यूटी संपली की ती परस्पर तुमच्याकडे झोपायला जाते, संध्याकाळी घरी येऊन जेवते आणि पुन्हा कामावर. तुमचे उपकार आहेतच, पण बायको दिवसभर माहेरी का असते, हे शेजाऱ्यांना सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला. आणि खरं सांगतो दादा, घर खायला उठतं. म्हणून ठरवलं, तुमच्या खोलीच्या तोंडात मारेल असा अंधार आपल्याच घरात करायचा. आणि केला!

दुकानात गुंडाळीच्या पडद्यांपासून झालरीच्या पडद्यांपर्यंत सगळं होतं. मी पसंत केलं ते उभ्या पट्ट्यांचं ब्लॅकआउट ब्लाइंड. वर एक रेल, तिला लोंबणाऱ्या चार-चार इंचांच्या पट्ट्या; साखळी ओढली की सगळ्या एकदम कूस बदलतात आणि एकमेकींवर चढून उन्हाची वाट अडवतात. मी कापड चिमटीत धरून चोळलं, धुतल्यावर किती आटेल ते विचारलं (आटत नाही म्हणे, असं प्रत्येक कापडवाला म्हणतो), आणि शेवटी नमुन्याचं कापड डोक्यावरून घेऊन दुकानाच्या दारात उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परतली, पण माझी खात्री पटली. रंग राखाडी घेतला. तुमच्या बहिणीला मोरपंखी आवडला असता, पण अंधारात मोरपंखी काय आणि राखाडी काय!

माप घ्यायला आमचा माणूस येईल, असं दुकानातली बाई म्हणाली. माझं टाळकंच सणकलं. चाळीस वर्षं मी शिंपीकाम केलं. माणूस माप देताना पोट आत ओढतो, खांदा पाडतो, खोटं बोलतो. खिडकी बिचारी श्वाससुद्धा घेत नाही! गळ्यात टेप टाकून स्टुलावर चढलो, रुंदी तीन ठिकाणी घेतली, उंची दोन्ही बाजूंनी घेतली, सगळं बिनचूक. चुकलं ते पुढे, आणि ती चूक माझी नाही, हाताची आहे. कागदावर आकडे लिहिताना हाताने सवयीने दोन्ही अंगांना दीड-दीड इंच सैल सोडलं आणि खाली चार इंच दुमड ठेवली. दुमड असली की पुढेमागे उंची वाढली तर उसवून लांब करता येतं. खिडकीची उंची वाढत नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा ब्लाइंड तयार होऊन दारात आलं होतं.

चौकटीच्या आत बसवायची तर रेल तीन इंच मोठी! ड्रिल घेऊन आलेला वायरमन स्टूल धरून हसत होता. (मी ती रेल कापायला कात्री घेऊन उभा होतो, असं त्याने मजलाभर सांगितलं आहे, लक्ष देऊ नका.) मी दोन मिनिटं डोकं खाजवलं आणि रेल चौकटीच्या आत नाही, बाहेर भिंतीवर, खिडकीच्या दोन इंच वर बसवायची ठरवली. आणि काय सांगू दादा, दोन्ही कडा दीड-दीड इंच झाकल्या गेल्या, वर दोन, खाली दोन! आत बसवलं असतं तर कडेच्या फटींतून ऊन आलंच असतं. काका, मुद्दाम केलं असतं तर इतकं जमलं नसतं, असं वायरमनसुद्धा म्हणाला. मुद्दामच केलं, असं मी त्याला सांगितलं. तुम्हीही तसंच धरून चाला.

भोकं पाडताना मात्र जरा पंचाईत झाली. भिंतीवर रेघ मी खडूने, नजरेच्या अंदाजाने मारली. रेल बसली, पट्ट्या अडकवल्या, आणि साखळी ओढताच सगळ्या उजव्या कोपऱ्यात जाऊन गर्दी करून उभ्या राहिल्या. इमारतच कललेली असणार, असं मी म्हणालो. वायरमनने दोऱ्याला माझी कात्री बांधून लोंबती सोडली. इमारत सरळ निघाली. रेल नव्या भोकांवर सरळ बसवली; पहिली भोकं पुट्टी भरून बुजवली आहेत आणि पलंगावरून मुळीच दिसत नाहीत (अंधार असतो). शेवटी राहिली रेलच्या वरून झिरपणारी उजेडाची एक रेघ. तिथे दुसऱ्या कोणी हात टेकले असते. मी कोटाचं उरलेलं काळं अस्तर काढलं, त्याची झालर शिवली आणि वर लावून टाकली.

मग भर दुपारी बारा वाजता साखळी ओढली. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार! (घालून पाहिलं. दिसत नाही, पण कळतं.) ऊर भरून आला, दादा. आयुष्यभर लोकांचे सूट शिवले, पण बायकोसाठी शिवलेलं हे पहिलंच काम, आणि ते असं फक्कड जमलं. तेव्हा आता तुमची खोली तुम्हाला लखलाभ. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. — एक सांगायचं राहिलं. काल सकाळी ती ब्लाइंडच्या अंधारात झोपून बघायला ड्यूटीवरून थेट घरी यायची होती. त्याआधी अंधाराची एकदा खात्री करावी म्हणून मी सात वाजता आडवा झालो, आणि मध्येच कोणी दार उघडून उजेड आत सोडू नये म्हणून बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. जाग आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाऊण तास बेल वाजवून, दार बडवून ती तुमच्याकडे गेली, असं वायरमन म्हणाला. संध्याकाळी जेवायलाही आली नाही. तिने तुम्हाला जे सांगितलं असेल ते सगळं खरं आहे. त्यातून ब्लाइंडचा गुण तेवढा घ्यावा.

आणखी ता. क. — खरं काम आता लिहितो. हे एकवीस दिवस मी तिला रोज सांगत होतो की तू घरात नसलीस की माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. काल तिने दाराबाहेर उभं राहून पाऊण तास माझं घोरणं ऐकलं. दादा, तुम्ही थोरले, तुमचा शब्द ती मोडत नाही. ती एकवीस दिवसांची साठलेली झोप होती, एवढं तिला पटवा. कडी मी स्क्रू काढून फेकून दिली आहे आणि दार नुसतं लोटून समोर खुर्चीवर बसलो आहे. तिला लवकर पाठवा. मला पुन्हा पेंग यायला लागली आहे.