चिपुंडा जिल्हा पेपरलेस होतो

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. चिपुंडा जिल्हा पेपरलेस कसा झाला असं पुढे कुणी विचारलं, तर तपशील हाताशी हवेत. राजधानीहून, लुसाकाहून फोन आला. मी, रॉयड कापेंब्वा, जन्म-मृत्यू नोंदणी अधिकारी, आता 'जिल्हा डिजिटल प्रमुख'सुद्धा. पगार तोच. एस्नार्टला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे कामं दोन आणि नवरा एकच." बायकोला दूरदृष्टी नाही.
संकल्प: ऑक्टोबर उजाडायच्या आत कागद बंद. शिवाय दोन्ही हातांनी टायपिंग. (सध्या उजवी तर्जनी.)

११ ऑगस्ट
जुनी रजिस्टरं स्कॅनिंगसाठी लुसाकाला रवाना. डिसेंबरपर्यंत मुदत होती, मी पहिल्याच ट्रकमध्ये चढवली. अख्ख्या प्रांतात पहिला! शेजारच्या जिल्ह्याचा अधिकारी म्हणे, "सिस्टिम चालू झाल्याशिवाय एक पान हलवणार नाही." असली माणसं देशाला मागे खेचतात.
कपाटं रिकामी. ऑफिसात बोललं की आवाज घुमतो. भारदस्त वाटतं.

२५ ऑगस्ट
कॉम्प्युटर आला, छतावर इंटरनेटची डिशही. सिस्टिम सुरू. वीज सकाळी जाते ती ऑफिस सुटताना येते. वीज माझ्या खात्याकडे नाही, त्यामुळे हा दोष धरता येत नाही.
टायपिंग: डाव्या हाताचा विचार चालू.

२ सप्टेंबर
शेजारची बाना चिलुफ्या, म्हणजे चिलुफ्याची आई, आली. विधवा, तळ्याकाठी मासळी सुकवते. बरोबर लेक चिलुफ्या. पोरगी वर्गात पहिली. यंदा सातवीच्या बोर्डाच्या परीक्षेला जन्मदाखल्याचा नंबर लागतो, आणि तो महिनाअखेर द्यायचाय. मी म्हटलं, "दोन मिनिटांचं काम." पोरगी म्हणाली, "कुणाच्या घड्याळातली, काका?" उद्धट आहे. पण हुशार.
वीज होती, नशीब. नाव शोधलं. 'नोंद सापडत नाही.'
कशी सापडेल? नोंद त्या ट्रकातून गेली. मला तर ती चांगली आठवते. तळं ओलांडताना होडीतच बाळंतपण झालं होतं. 'जन्मस्थळ: होडी, तळ्याच्या मध्यभागी' असंच लिहा म्हणून बाना हटून बसली होती. मी लिहिलंही होतं, झोकदार अक्षरात.
काळजीचं कारण नाही. नवीन नोंद करता येते.

९ सप्टेंबर
नवीन नोंदीसाठी फोनवर कोड येतो. फोनला रेंज फक्त बाजारामागच्या मोठ्या वारुळावर. कॉम्प्युटर ऑफिसात. कोडचं आयुष्य फार थोडं. पोरगी वारुळावरून धावत येईपर्यंत तो मेलेला असतो.
मी योजना आखली (नेतृत्व यालाच म्हणतात). चिलुफ्या वारुळावर. खाली मासळीवाल्या बायकांची रांग थेट ऑफिसच्या खिडकीपर्यंत. तिने आकडा ओरडायचा, बायकांनी पुढे ओरडायचा, मी टाइप करायचा.
"चार!" "चार!" "नऊ!" "नऊ!" "पाच!" "पाच!"
पाच हा टोमॅटोचा भाव निघाला.
पुन्हा कोड मागवला. या वेळी बाना टोमॅटोवालीवर खेकसली, "तोंड मिट गं, पोरीचं भविष्य जातंय!" ती म्हणाली, "आणि माझे टोमॅटो सडतायत, त्यांना कोण कोड देतंय?" भांडणात तोही कोड गेला.
लोकसहभाग मात्र उत्तम होता.

१८ सप्टेंबर
यश! कोड लागला. फॉर्म उघडला.
जन्मस्थळाच्या यादीत होडी नाही. 'घर' निवडलं. बाना म्हणाली, "कुठलं घर? तेव्हा घर बांधलंच नव्हतं." मी म्हटलं, सिस्टिमला तपशिलात शिरायचं नसतं.
पुढचे रकाने भरतो न भरतो तोच दिवे फडफडले. घाईत बटण दाबलं. वीज गेली. मुद्दा हा की नोंद झाली!

१९ सप्टेंबर
नोंद उघडून पाहिली. चिलुफ्या हे नाव आमच्याकडे मुलाचंही असतं, मुलीचंही. जे रकाने भरायचे राहिले ते सिस्टिमने स्वतःच भरले. लिंग: पुरुष. जन्मतारीख: काल.
बानाला समजावून सांगितलं.  ती म्हणाली, "नवरा बिचारा मुलगा मुलगा करत गेला. तो असताना द्यायचा होतास की रे भाऊ."
पोरगी हसली नाही. "दुरुस्त करा ना, काका," एवढंच म्हणाली.
दुरुस्तीचा अधिकार फक्त लुसाकाला.

२४ सप्टेंबर
वारुळावर चढून मुख्यालयातल्या मिस्टर सिकाझ्वेंना फोन. फार सज्जन गृहस्थ. म्हणाले, "कापेंब्वा, माझ्या स्क्रीनवर तुमचा जिल्हा हिरवा आहे. अडचण असती तर लाल दिसला असता." मी म्हटलं, साहेब, मुलगी मुलगा झालीये. म्हणाले, "मग ऑनलाइन तक्रार करा."
तक्रारीला अर्जदाराच्या फोनवर कोड येतो. अर्जदार सिस्टिमप्रमाणे सहा दिवसांचा. सिस्टिम म्हणते, अल्पवयीन.
वारुळावरून उतरताना पँट फाटली.

२८ सप्टेंबर, लुसाका
चिलुफ्याला घेऊन बसने आलो. बानाने वाटेत खायला न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तळलेली मासळी बांधून दिली होती. पोरीने वाटभर गणितं सोडवली. मला एक विचारलं. मी झोप लागल्यासारखं केलं.
रजिस्टरं सापडली! म्हणजे दिसली. गोदामाच्या जाळीपलीकडे, ताडपत्रीखाली. दोऱ्याही सोडलेल्या नाहीत. कडेला माझ्याच अक्षरात 'चिपुंडा'. पोरीने जाळीला नाक लावून सालं वाचली. "काका, ते तिसरं. माझं साल. हात घातला तर पोचेल."
पहारेकरी म्हणाला, "ऑनलाइन अपॉइंटमेंट आहे का?"
सिकाझ्वेंनी चहा पाजला. म्हणाले, एकाच आईच्या नावावर एका नावाची दोन मुलं सिस्टिम घेत नाही. सिस्टिममधल्या त्या बाळाची नोंद आधी रद्द व्हायला हवी, त्याला समिती बसते. समिती कधी बसते ते त्यांनाही कळवलं जात नाही. बोलताना ते माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होते. मग चष्मा पुसत बसले.
मी म्हटलं, निघतो साहेब. 

५ ऑक्टोबर
मुदत गेली. हेडमास्तरांना भेटलो. म्हणाले, "माझ्या हातात असतं तर पोरीला खांद्यावर बसवून नेलं असतं." नंबराशिवाय नाव जात नाही.
बाना आरडाओरडा करेल म्हणून तयारी ठेवली होती. उत्तरंही काढून ठेवली होती.  ती संध्याकाळी नेहमीसारखी एस्नार्टला सुकी मासळी देऊन गेली.
ती मासळी मी खाल्ली नाही. काटे फार असतात.

२० ऑक्टोबर
चिपुंडाला 'सर्वोत्कृष्ट डिजिटल जिल्हा' पुरस्कार! कारण: एकही तक्रार नाही. सन्मानपत्र फ्रेमसकट आलं. एस्नार्टने विचारलं, "कुठे लावू? बाना येते तेव्हा दिसेल असं, की दिसणार नाही असं?"
कपाटावर ठेवलंय. तोंड भिंतीकडे. धूळ बसू नये म्हणून.

२ नोव्हेंबर
सातवीचा पहिला पेपर. ऑफिसला लांबच्या रस्त्याने गेलो. चालणं तब्येतीला बरं.
परत येताना मात्र पाय शाळेकडे वळले. पेपर सुटला होता. पोरं घराकडे पळत होती. आंब्याखाली चिलुफ्या बसलेली, इस्त्रीचा गणवेश घालून. मैत्रिणीकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली होती आणि गुडघ्यावर पाटी धरून एकटीच सोडवत होती. कुणी तपासणार नव्हतं.
पुढच्या वर्षी सगळं सुरळीत होईल, असं सांगायला तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वाक्य तयार होतं. 
तिने मान वर केली नाही. म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."
बाजूला झालो.