खुशालच्या जिवाचे दोन एकर

मी, मनकर्णाबाई भ्र. खुशाल ढोले, वय सत्तर, राहणार मौजे पिंपळधरी, मंडल तलमडुगु, जिल्हा आदिलाबाद, शरीराने थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दाबाखाली न येता हे लिहवून घेते.

एक. राहते घर व बैलजोडी मुलगा यशवंत यास. तो मंचेरियलला कारकून आहे, बैल विकेल. खाटकाला देऊ नये. जाते सून आशाबाईस. ती दळणार नाही, तरी.

दोन. ओढ्याकाठचे दोन एकर. पट्टा माझ्या नावे आहे, पण हे शेत विकत घेतलेले नाही. बत्तीस वर्षांपूर्वी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात शेजारी दौलत याच्या काठीने माझा नवरा खुशाल मेला. पंचांनी ठरवले, दौलतने हे शेत मला द्यावे आणि बारा वर्षे गाव सोडावे. मी पोलिसांना गाडी उलटली असे सांगावे. मी तसे सांगितले. नागनाथ मास्तर परवा म्हणाले, "काकू, हजार वर्षांआधी इंग्लंडात सॅक्सन लोकबी असंच करत होते. मेलेल्याची किंमत नातेवाइकांना भरली, की वैर मिटलं."

मी म्हटले, "कोणाचं मिटलं, मास्तर?"

दौलत गाव सोडून गेला. त्याची बायको दोन वर्षांत खचून मेली. आजीपाशी वाढलेली त्यांची मुलगी रुख्मिणी माझ्याकडेच निंदायला येई, बापाच्याच शेतात. बापाच्या नावापायी तिच्या दोन सोयरिकी मोडल्या. एकदा विळा खाली ठेवून म्हणाली, "काकू, गुन्हा बाबाचा, मी काऊन भोगून राह्यली?" मी तिला पाणी दिले. उत्तर दिले नाही.

ते आता देते. पहिली काठी खुशालने उचलली. दौलत खाली पडला तरी तो मारतच होता. मी खळ्यावरून पाहिले. पंचांनी मला विचारले नाही, मीही बोलले नाही. यशवंत लहान होता, आणि शेत मिळत होते.

म्हणून ते दोन एकर रुख्मिणीस. यशवंत, रागाव, पण कोर्टात जाऊ नको.

तीन. दौलत परत आला, त्याला वीस वर्षे झाली. माझ्या दारावरून मान खाली घालूनच गेला. आता बाजेवर आहे, ऐकू कमी येते. माझ्या मरणाची वाट न पाहता, उद्याच त्याची बाज चावडीत आणावी, गाव जमवावे आणि त्याच्या उशाशी उभे राहून हा कागद लिहिणाऱ्या वामनरावांनीच तो मोठ्याने वाचावा. पहिल्या काठीचे वाक्य दोनदा वाचावे.

वाचून दाखवले, मी सांगितले तेच लिहिले आहे.

मनकर्णाबाई, डाव्या हाताचा अंगठा
लिहिणार : वामनराव
साक्षीदार : अमृतराव (सही), तुळजाबाई (अंगठा)
पिंपळधरी, १७ फेब्रुवारी १९९१