निळ्या पोर्टावरचं कुंकू

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कीबोर्ड मेला! म्हणजे पुरता मेलाही नाही — तीच तर पंचाईत.

मशिन चालू केलं की त्याचे दिवे लागतात. डिलीट दाबलं की सेटिंगचा पडदा येतो, बाण वर-खाली फिरतात. इथवर अगदी गुणी बाळ. मग युनिक्सच्या ओळी धावतात, काळ्या पडद्यावर लॉगिन येतं आणि कीबोर्डचे दिवे फट्दिशी विझतात. नाव टाईप करायला जावं तर एक अक्षर उमटेल तर शपथ!

या मशिनवर साखर कारखान्याचा वजनकाटा चालतो. सोमवारी वजनमापाचे साहेब काटा तपासायला येणार. त्यांचा शिक्का नाही तर मोळीपूजन नाही, गाळप सुरू नाही, ऊस फडातच उभा. आणि काट्याच्या खोलीत मी नवीन! सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, सगळ्या संचालकांपुढं शब्द टाकलाय — "आमची मयूरी काट्यावर बसली तर काटा कुणाला खोटं दाखवायचा न्हाई." सोमवारपर्यंत जमलं नाही तर मी घरी, आणि मामांचा शब्द मातीत.

पुण्यात दोन वर्षं कॉम्प्युटरची नोकरी केली, हे खरं. ती फोनवर लोकांना "बंद करून परत चालू करा" सांगायची होती, हे इथं सासरी कुणाला माहीत नाही.

बंद करून परत चालू केलं. सात-आठ वेळा.

४ ऑक्टोबर

मिरजेहून नवा कीबोर्ड मागवला. तेच रडगाणं. अकाउंटवाल्यांचा काढून लावला. तेच. सुरुवातीला चालतो, लॉगिनला मान टाकतो.

साताऱ्याच्या राजवर्धन भाऊजींना फोन करावा का? माझ्या आधी हे मशिन तेच बघायचे. पण विचारलं की कळणार, हिला काही येत नाही. नाही केला.

दुपारी हेडक्लार्क हंबीरराव दारात. "काय वं मॅडम, नवमीच्या पूजेला तर ठीक व्हतं. आता काय झालं?"

आणि माझी जीभ! "पाणी गेलंय वाटतं आत. पुसताना."

पुसणारी एकच. तानुमावशी. मला पोरी म्हणते. परवाच पदरात बांधून उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या — "खा गं, वाळलीस लय."

हंबीररावांनी तिला तिथंच बोलावलं. "बादली ठेवा आन् घरी जावा. परत येऊ नगा."

मावशी माझ्याकडं वळली. "पोरी, मशिनजवळ म्या कोरडंच फडकं फिरवते की गं. सांग की ह्यास्नी!"

मी पडद्याकडं बघत बसले. पडद्यावर काहीही नव्हतं.

पाणी गेलेला कीबोर्ड सेटिंगमध्ये कसा चालेल? आणि तीन-तीन कीबोर्डांत पाणी कसं जाईल? हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं आणि मी गप्प बसले. लाज वाटते लिहायला.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी शेवटी राजवर्धन भाऊजींना फोन केला. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "वहिनी, कीबोर्ड निळ्या पोर्टात आहे का काळ्या?"

बघितलंच नव्हतं!

"गेल्या वर्षी कॉम्प्युटरचा डबा नवा घेतला, आतलं युनिक्स जुनंच ठेवलं. सुरुवातीला डबा स्वतः कीबोर्ड सांभाळतो. युनिक्स उठलं की कारभार त्याच्या हातात. आणि निळ्या पोर्टाची त्याला ओळखच नाही. काळ्यात घाला."

म्हणजे सासूनं किल्ल्यांचा जुडगा दिला, पण सुनेला मागचं दार कुठं आहे तेच ठाऊक नाही, असला प्रकार.

कारखान्यावर गेले. रविवारचं चिटपाखरू नव्हतं. निळ्यातून काढला, काळ्यात घातला, मशिन चालू केलं. लॉगिन आलं. दिवे तसेच! नाव उमटलं, पासवर्ड घेतला, आत. एवढंसं काम.

वायर नीट बसली का बघायला मोबाईलचा उजेड मागं धरला. निळ्या पोर्टाच्या कडेला कुंकू. बोटाचा ठसा.

खंडेनवमीला मामा म्हणाले होते, "पूजा तूच कर, मशिन तुझं हाय." मीच सगळ्या वायरी काढल्या, डबा पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि वायरी मागं हात घालून चाचपडत परत खोचल्या. मावशीनं फक्त रांगोळी काढली होती. तीही लांबून.

६ ऑक्टोबर

शिक्का मिळाला. हंबीररावांनी पेढे वाटले — "आप्पासोंची सून लय हुशार हाय!" मामांना कारखान्यावर सगळे आप्पासोच म्हणतात. मी एक पेढा घेतला. खाल्लासुद्धा.

७ ऑक्टोबर

मामांना सांगितलं. सगळं — फोनवरच्या नोकरीपासून कुंकवापर्यंत.

ते गोठ्यात होते. वैरण टाकायचं थांबले. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"काटा मारलास की गं," एवढंच म्हणाले.

उसाच्या वजनात शेतकऱ्याला फसवणं म्हणजे काटा मारणं. आमच्या घरात यापेक्षा वाईट शिवी नाही. आजवर ती मामांच्या तोंडून दुसऱ्यांसाठीच ऐकली होती.

"तुमचा शब्द—" मी म्हणाले.

"माझ्या शब्दाचं म्या बघतो. तानुबाईचं बोल."

८ ऑक्टोबर

ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं. पाणी नव्हतं, चूक माझी होती, तानुमावशींना परत घ्या, वाटलं तर मला काढा. हंबीररावांचा चेहरा उतरला. "आता सांगताय व्हय?" मग कागद चाळत म्हणाले, "बोलवा तिला. तुमचं मोळीनंतर बघू."

निरोप कुणाकडून धाडला नाही. स्वतः गेले. मावशी उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मी हात जोडले. तिनं एकेक काडी बाजूला टाकली.

"उद्यापास्नं येऊ?" एवढंच विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं चहा विचारला नाही. इथं वाट चुकून दारात आलेल्यालाही चहा विचारतात.

९ ऑक्टोबर

मावशी आली. आख्खी खोली पुसली. माझ्या टेबलाभोवतीची हातभर जागा तेवढी कोरडी ठेवली.

मी म्हटलं, "मावशी, इथंही पुसा ना."

बादली उचलत म्हणाली, "तिकडं पाणी नगं, मॅडम."