नुसतं बटण दाबायचं

६ मे, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ‘वेबसाइटवाल्या बाईंना बहिणीला फोन करायलाही सवड नाही,’ हा टोमणा पोचला. हे फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितेय.

वर्गाची वेबसाइट जोरात आहे. गृहपाठ, धडे, सूचना, सगळं घरबसल्या. प्रत्येक सूचनेखाली ‘पाहिलं’ असं हिरवं बटण. पालकसभेत मी ऐटीत सांगितलं, “काही अवघड नाही हो, नुसतं बटण दाबायचं. मला लगेच कळतं.” मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी धाकटी हवेतच!

माझ्या वर्गात चिमणी नावाची एक मुलगी होती. होती म्हणतेय बघ. पाचवीत येऊनही जोडाक्षराला अडायची. आई घरी शिवणकाम करते. तिच्या घरून ‘पाहिलं’ सगळ्यांच्या आधी यायचं. वाचनाच्या जादा तासांची सूचना टाकली: जागा दहाच, ‘हो’ लिहून कळवा. पाहिलं. पुन्हा आठवण केली. पाहिलं. ‘हो’ काही येईना. मी चिडले. एवढी बेपर्वाई! जागा दुसऱ्या मुलीला दिली. चिमणी नापास झाली आणि आईने तिला शाळेतून काढलं.

परवा त्यांच्या घरी गेले. मायलेकी सदऱ्यांना बटणं लावत बसल्या होत्या.

“मी एक दिवस चुकवला नाही, बाई,” आई म्हणाली. “फोन वाजला की दाबलंच बटण. तुम्हाला कळत होतं ना?”

मी म्हटलं, पोरीला परत पाठवा, मी स्वतः शिकवते.

“आता नको. निकाल शेजारणीने वाचून दाखवला. डोक्यात शिरत नाही, तर कशाला पोरीचा जीव खायचा?”

चिमणीने पुढचं बटण उचललं.

ताई, मला माहीतच नव्हतं, असं शाळेत सगळ्यांना सांगतेय. तुला कसं सांगू? पालकसभेत चिमणीच्या आईने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, “तुम्हीच भरा, चष्मा घरी राहिला.” आपली आई जन्मभर हेच म्हणायची. तिला चष्मा कधी होता का गं? माझ्या वहीवरचे शेरे तूच तिला वाचून दाखवायचीस, वाईट तेवढे गाळून. फॉर्म पुढे आला त्याच क्षणी मी ओळखलं होतं. पण मुख्याध्यापक मागे उभे होते आणि मला वेबसाइट दाखवायची घाई होती. लाज वाटते गं.

आज मुख्याध्यापकांनी चिमणीचं नाव वेबसाइटवरून काढायला सांगितलं. काढायला बसले, तर सुट्टीतल्या अभ्यासाच्या सूचनेखाली तिच्या घरून ‘पाहिलं’ आलेलं. सगळ्यांच्या आधी. तरी काढलं. आता त्या बाईंनी कितीही दाबलं तरी मला कळणार नाही.

तुझी,
चष्मा असलेली धाकटी