बंगला क्रमांक चारची तक्रार

सोमवार

पोचले एकदाची! होडीतून उतरले तर धक्क्यावर मॅनेजर आणि चार माणसं, सगळी मला नावानिशी ओळखणारी. काउंटर नाही, फॉर्म नाही, दाराला किल्लीसुद्धा नाही. फोनची कटकट नको म्हटलं, तर तोही उचलून नेला. निवृत्त झाले म्हणून सूनबाईने हट्टाने पाठवलंय. शनिवारी तीही येतेय.

एकतीस वर्षं पंचतारांकित हॉटेलात हाउसकीपिंग सांभाळलं. माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नाही. तिथे चारशे खोल्या. पाहुण्याने मागितलं की आम्ही धावायचो. ताजी तक्रार सगळ्यात आधी, हा माझा नियम. मॅनेजर म्हणाला, इथेही तोच. पण इथे अख्ख्या बेटावर नऊ बंगले, आणि मागावंच लागत नाही. उशी मला लागते तशी, दगडासारखी. चहा बिनसाखरेचा, उकळता. कसं कळलं विचारलं, तर म्हणाला की मॅडम, पाहुण्याला तोंड उघडावं लागलं तर ते साधं हॉटेल झालं.

कुरकुर एकच. खिडकीशी एक पक्षी सारखा किंचाळतो. कुणाला बोलले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मनातलं डायरीत लिहायची सवय लावली, ती अजून आहे.

मंगळवार

पक्षी गप्प. तो एकटाच नाही, सगळेच.

आवरायला येणारी बाई पन्नाशीची, गोड; पण बोलते, बोलते, बोलते! तिला तीन नातवंडं, धाकटी तिच्यासारखीच बडबडी, हे सगळं एक अभ्रा घालेपर्यंत मला कळलं. चादरीचे कोपरे असे काढते की मी तिला तेव्हाच कामावर घेतलं असतं. पण त्या तोंडाला कुणीतरी कायमचा बंद घाला.

बुधवार

बाई आवरून गेली. मी वाचत होते, मान वर केली नाही. एक शब्द नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शनिवारी सूनबाई आली की पुन्हा टकळी. औषध घेतलंत का आई, स्वेटर घातलात का आई. मुलाला कधीच खिशात घातलंय, आता मला घालायला निघालीय. नको झालीय ती मला. डोळ्यांसमोरून कायमची जाईल तर सुटेन.

गुरुवार

आज बाईला विचारलं, धाकटी नात काय म्हणते. तिने नुसती मान हलवली. मी हट्टाने पुन्हा विचारलं. ओठ उघडायला गेली, उघडले नाहीत. बारीक पांढऱ्या दोऱ्याचे टाके, एका ओळीत. आम्ही अभ्र्यांना घालायचो तसे.

डोळे भरले होते तिचे. तरी तिने माझी उशी थोपटली.

मी कुणाला बोलले नव्हते. फक्त इथे लिहिलं होतं.

हॉटेलातही मी असंच लिहायचे. कामावरच्या एखादीविरुद्ध एक ओळ, खाली सही. दुसऱ्या दिवशी नवी बाई कामावर. जुनीचं काय झालं, एकदाही विचारलं नाही.

आणि काल सूनबाईबद्दल —

पान फाडलं. तुकडे करून समुद्रात टाकले.

शुक्रवार

पान परत आलं. चहाच्या ट्रेमधून. वाळवून, जोडून, इस्त्री करून.

मॅनेजरचे पाय धरायचे बाकी ठेवले. ते खरं नाही, तिला येऊ देऊ नका. अदबीने म्हणाला की पाहुण्यांना शब्द मागे घ्यायला लावतात ती साधी हॉटेलं. फोन मागितला. म्हणाला, तुम्हालाच नको होता.

माझ्या आजारपणात दोन महिने सूनबाईनेच मला उचललं, न्हाऊ घातलं. त्याबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज पानभर लिहिलं. ती मला हवी आहे, हवी आहे, हवी आहे. मॅनेजरने आभार मानले. म्हणाला, कौतुक आम्ही जपून ठेवतो. अंमल फक्त तक्रारीवर होतो.

शनिवार, सकाळ

होडी दिसतेय. पिवळी टोपी. हात हलवतेय वेडी —

ओरडले. वारा उलटा. किल्ली नाही म्हणून खूश झाले होते ना, ते दार आज आतून उघडत नाही.

धक्क्यावर मॅनेजर आणि चौघं. हातात पांढरे टॉवेल. बाईही आहे त्यांच्यात.

ताजी तक्रार आधी. माझाच नियम —

तक्रार. बंगला क्रमांक चार. इथली म्हातारी नको झालीय. तिची जीभ —

वळले. पाचही जण. होडीकडे पाठ. इकडे येताहेत —

सूनबाई, उतरू नकोस, तशीच मागे —

दार उघडलं. बाई पुढे. हातात सुई, पांढरा दोरा. रडतेय गं ती. आणि मला तिला एवढंच सांगायचं होतं की तुझे ते चादरीचे कोपरे फार